प्लगची साक्ष
चिखलवाटांवर धावणारी टू-स्ट्रोक मोटारसायकल चढावर बंद पडली, की पुष्कळ जण प्रथम कार्ब्युरेटर उघडतात. ही घाई बरी नव्हे. आधी स्पार्क प्लग काढून पाहावा. तो ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही. तेव्हा ठिणगी तपासावी. कोरडा व पांढुरका असेल, तर बहुधा पेट्रोलच अपुरे पडते आहे. टाकीचे झाकण सैल करताच इंजिन सुरळीत चालू लागले, तर झाकणातील हवेचे छिद्र चिखलाने बुजले आहे असे समजावे. दोष क्षुल्लक, परंतु दुर्लक्ष महागात पडते. वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल, तर पेट्रोल घटताच तेलही घटते आणि तापलेला दट्ट्या सिलिंडरमध्ये जखडून बसतो.