ऑपरेशननंतर राहिलेली कंबरदुखी: दुखण्याकडे नको, घड्याळाकडे बघा

आजचा विषय बऱ्याच जणांनी विचारलेला आहे, आणि विचारणाऱ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच असतं. "मणक्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, एमआरआय चांगला आहे. मग कंबर का दुखते? आणि दुखत असताना मी काय करू, काय नको?"

मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझं स्वतःचं चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतरचं दुखणं आजही थोडंफार सोबत आहे. इथे कोलकात्यात राहून, बाजारहाट करून, रोज चालून जे समजलं आणि जे वाचलं, ते सांगतो.

आधी हे ध्यानात घ्या की असं दुखणं राहिलेले तुम्ही एकटे नाही. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये मणक्याच्या ऑपरेशननंतर दर १० माणसांमागे एक ते चार जणांचं दुखणं कमी-जास्त राहतं असं आढळलं आहे. पूर्वी याला इंग्रजीत "फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम" म्हणायचे, म्हणजे फसलेलं ऑपरेशन. हे नाव ऐकूनच अर्धी हिंमत जायची. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी ते बदलून "पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम, टाइप टू" असं नाव सुचवलं. लांबलचक आहे, पण खरं आहे. ऑपरेशन फसलेलंच असतं असं नाही, दुखणं टिकून राहिलेलं असतं.

का राहतं? चकतीचं ऑपरेशन मुख्यतः दबलेली शीर मोकळी करण्यासाठी असतं. त्यामुळे पायात उतरणारी कळ, सायटिका, बऱ्याचदा चांगली सुटते. कंबरेचं दुखणं मात्र तितक्या खात्रीने जात नाही, कारण ते एका शिरेवर अवलंबून नसतं. बरेच महिने दबलेली शीर मोकळी झाली तरी लगेच पूर्ववत होत नाही. कापलेल्या जागी व्रणाचा पेशीजाल तयार होतो. महिनोन् महिने अंग राखल्यामुळे पाठीचे आणि पोटाचे स्नायू ढिले पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मज्जातंतूंची व्यवस्था जास्त हळवी होते. चोर येऊन गेल्यावर राखणदार मांजराच्या पावलालाही ओरडतो, तसं काहीसं. ओरडणं खरं असतं. पण दर वेळी चोर असतोच असं नाही.

म्हणून या दुखण्यात "दुखलं म्हणजे इजा झाली" हा हिशेब चालत नाही. नव्या जखमेत तो बरोबर असतो. घोटा मुरगळला तर पाय टेकू नये हे शहाणपण आहे. जुन्या दुखण्यात तोच नियम पाळला की माणूस खाटेला खिळतो.

अशा माणसाचा आठवडा कसा जातो, बघा. सोमवारी कंबर बरी वाटते, म्हणून तो माळा आवरतो, बँकेत जातो, येताना भाजी आणतो. मंगळवारी उसण भरल्यासारखी पाठ धरते. बुधवार-गुरुवार खाटेवर. शुक्रवारी बरं वाटलं की राहिलेली सगळी कामं पुन्हा एका दिवसात. असं सहा महिने चाललं की चांगल्या दिवसाची मुदत कमी होत जाते आणि वाईट दिवस वाढतात.

यावरचा तोडगा फौजेत रंगरूटालाही माहीत असतो, फक्त तो कंबरेसाठी वापरायचं सुचत नाही. रूट मार्चमध्ये ५० मिनिटं चाल आणि १० मिनिटं थांबा, हा जुना रिवाज. तो थांबा कोणी थकलं म्हणून मिळत नाही, तो घड्याळावर मिळतो. पहिल्या तासाला सगळे ताजेतवाने असतात, तरी पिट्ठू उतरवून बसायचं. आणि १० मिनिटं झाली की पाय कुरकुरत असले तरी उठायचं. थकल्यावर थांबणारी तुकडी मुक्कामाला पोचत नाही, हे अनेक पिढ्यांनी पायाने मोजलेलं आहे.

वैद्यकशास्त्रात हेच अमेरिकेतल्या सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी मांडलं. १९७६ मध्ये त्यांचं जुनाट दुखण्यावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की दुखेपर्यंत काम करायचं आणि दुखलं की विश्रांती घ्यायची, असं करत राहिलं की शरीराला "दुखलं की आराम मिळतो" अशी सवय लागते. त्याऐवजी काम आधी ठरवून घ्यावं, ठरलेलं पुरं करावं, मग थांबावं.

आता हे करायचं कसं? चालण्याचंच उदाहरण घेऊ. तीन दिवस रोज सपाट रस्त्यावर चाला आणि दुखणं वाढू लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. समजा १४, ९ आणि १३ आली. सरासरी १२. त्यातली साधारण पाचवा भाग कमी करा, म्हणजे १० मिनिटं. हे तुमचं पहिलं ठाणं. पहिला आठवडा रोज १० मिनिटंच. पुढे दर आठवड्याला एकच मिनिट वाढवा. अडीच महिन्यांत २० मिनिटं होतात. घाई असलेल्यांना हे फार सावकाश वाटतं, मला माहीत आहे.

खरी परीक्षा चांगल्या दिवशी असते. मी सकाळी रवींद्र सरोवरावर जातो, इथले लोक त्याला नुसतं "लेक" म्हणतात. तिथे डिसेंबरात गार वारा असतो, ओळखीचे बंगाली दादा भेटतात, गप्पांच्या नादात आणखी एक फेरी मारावीशी वाटते. मारायची नाही. ठरलेली मिनिटं झाली की बाकावर बसायचं. आणि वाईट दिवशी निम्मं तरी करायचं, शून्य नको. मे महिन्यात इथली दमट हवा अंगातलं पाणी काढून घेते, तेव्हा मी साडेपाचलाच निघतो किंवा घरातल्या व्हरांड्यात घड्याळ लावून चालतो. कुणाला मैदान जवळ असेल तर तिथे फोर्ट विल्यमच्या बाजूने चालायला छान मोकळी जागा आहे. या किल्ल्याचं नाव आता विजय दुर्ग झालंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. मराठी माणसाने त्यासाठी तरी एकदा तिथे चालून यावं!

चालण्याबद्दल एक चाचणी सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर ती झाली आणि २०२४ मध्ये "लॅन्सेट"मध्ये छापून आली. चालण्याचा आखून दिलेला कार्यक्रम ज्यांना मिळाला, त्यांचं दुखणं परत यायला मधल्या आकड्याने २०८ दिवस लागले. ज्यांना मिळाला नाही, त्यांना ११२. ही चाचणी ऑपरेशननंतर दुखणं राहिलेल्यांची नव्हती, म्हणून ती आपल्याला जशीच्या तशी लावू नका. पण फुकटचं औषध आहे, एवढं तरी त्यातून दिसतं.

घरातल्या कामांनाही हेच घड्याळ लावा. पाण्याने भरलेली २० लिटरची बादली म्हणजे २० किलो वजन. ती उचलण्यापेक्षा नळाखालीच ठेवा, किंवा दोन लहान बादल्या करा. ओट्याशी उभं राहायचं तर एक पाय पाटावर ठेवा आणि दर १० मिनिटांनी पाय बदला. पोळ्या लाटणं बसून होतं, त्यात कमीपणा नाही. बाजाराची पिशवी एका हातात पाच किलो नको, दोन्ही हातांत अडीच-अडीच. सकाळी उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. टॅक्सीत आधी बूड टेकवा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. खुर्चीत २० मिनिटं झाली की उठा, मालिका कितीही रंगात आली असली तरी.

बसचं काय? कोलकात्याची बस थांबते कमी, रेंगाळते जास्त. मी कंडक्टरला चढतानाच सांगतो, "दादा, कोमोरे ऑपरेशन होयेछे, एकटू आस्ते." तो लगेच ड्रायव्हरला ओरडून सांगतो, आणि सगळी बस माझ्या कंबरेकडे बघते. लाज वाटून घेऊ नका. झटक्यापेक्षा लाज परवडली.

आता दुखणं अचानक उसळलं तर? इथे श्रेयस अय्यरचं उदाहरण देतो, सगळं वर्तमानपत्रांत आलेलं आहे. मुंबईच्या या फलंदाजाचं पाठीचं ऑपरेशन २०२३ च्या एप्रिलमध्ये झालं. सप्टेंबरात तो आशिया चषकात परतला आणि काही दिवसांतच पाठ आखडून संघाबाहेर बसला. लोक म्हणाले, संपलं. त्याच महिन्यात २४ तारखेला इंदूरला त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०५ केल्या आणि विश्वचषकात ५३० धावा काढल्या. मार्च २०२४ च्या रणजी अंतिम सामन्यात ९५ केल्यावर पाठ पुन्हा बोलली. आणि २६ मे रोजी तोच आमच्या कोलकाता नाइट रायडर्सचा कर्णधार म्हणून आयपीएल जिंकला. तो तेव्हा तिशीच्या आतला खेळाडू होता, त्याच्या दिमतीला फिजिओंची फौज. आपण त्याच्यासारखं करायला जायचं नाही. घ्यायचं ते इतकंच की मध्येच पाठ धरली म्हणजे ऑपरेशन वाया गेलं असं नसतं.

पाठ धरली की माझा क्रम असा: डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली गोळी, शेक, पाय उशीवर घेऊन थोडा वेळ पडणं, आणि दर तासाला उठून घरातल्या घरात दोन-तीन मिनिटं चालणं. दिवसच्या दिवस झोपून राहणं टाळतो. पट्टाही गरजेपुरताच, कायमचा बांधला तर स्नायू आयते बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं, तर जे केलं ते झेपलं असं समजतो. दोन-तीन दिवस रेंगाळलं तर ठाणं थोडं मागे घेतो.

पण काही गोष्टींत घड्याळ बाजूला ठेवून त्याच क्षणी इस्पितळ गाठायचं. लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांडीच्या आतल्या आणि बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद नव्याने कमी होणं, ताप येऊन पाठ दुखणं. यात सकाळची वाट पाहू नका. बाकीच्या रेंगाळणाऱ्या दुखण्यासाठी वेदनाचिकित्सा ही आता वेगळी शाखा आहे. इथे सियालदहला ईएसआयची वेदनाचिकित्सेची स्वतंत्र संस्था आहे. माजी सैनिकांनी आपलं ईसीएचएस कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवणी मागावी.

घरच्यांसाठी दोन शब्द. "अहो, बसा तुम्ही, मी करते" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण रोज म्हटलं की माणूस खरोखरच बसतो. सूनबाईंनी सासऱ्यांना सकाळ-संध्याकाळ "बाबा, दुखतंय का?" विचारण्यापेक्षा "बाबा, आज किती मिनिटं झाली?" विचारावं. पहिल्या प्रश्नाने लक्ष कंबरेकडे जातं, दुसऱ्याने वहीकडे. आणि ते ठरलेल्या वेळी थांबले तर "एवढंच?" म्हणू नये.

सणांचं बऱ्याच जणांनी विचारलंय. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीची आरती असते तेव्हा मी कडेला, भिंतीजवळ उभा राहतो आणि जवळ एक खुर्ची ठेवतो. दोन आरत्या उभ्याने, एक बसून. जेवायला पाटावर बसत नाही, टेबल मागतो, आणि आता ते न मागता मांडून ठेवतात. दुर्गापूजेत मात्र रात्रभर मंडप बघत फिरायची इथली रीत आहे. मी षष्ठीला, गर्दी वाढण्याआधी, दुपारी निघतो. एका दिवसात दोनच मंडप, मध्ये चहाचा थांबा, आणि यादीतला तिसरा मंडप सप्तमीला.