यील्ड आणि साइटेशन

सकाळी ७.०० : हिंजवडीची गर्दी वाढायच्या आत महाळुंगे सोडलेलं बरं. बालेवाडी, बाणेर करत पाषाणच्या लॅबमध्ये पोचले की आधी रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवलेले फ्लास्क बघायचे.

८.३० : पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आज फ्लेव्होन करायला शिकतेय. वनस्पतींतल्या कितीतरी पिवळ्या रंगद्रव्यांचा हा सांगाडा. तिने केलेला बेंझॉइल एस्टर पिरिडीनमध्ये विरघळवून ५० अंशांवर आणला. पोटॅशियम हायड्रॉक्साइड तापवलेल्या खलातच कुटायचं, नाहीतर हवेतली ओल ओढून ते चिकटतं. पूड टाकल्यावर पाव तासात पिवळट तपकिरी साका असा घट्ट धरला की, "मॅडम, ढवळतच नाहीये!" म्हणजे जमलं. बेंझॉइल गट ऑक्सिजनवरून सुटून शेजारच्या ॲसिटाइल गटाच्या टोकाच्या कार्बनवर गेला. साका म्हणजे तयार झालेल्या डायकीटोनचा पोटॅशियम क्षार.

ही बेकर–वेंकटरामन पुनर्रचना. १९३३ मध्ये इंग्लंडात विल्सन बेकर आणि लाहोरात एच. एस. महाल व के. वेंकटरामन यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. लाहोरचं टिपण 'करंट सायन्स'मध्ये आलं, तेव्हा ते नियतकालिक अगदी नवं होतं. वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी) आले आणि १९५७ मध्ये इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

१२.०० : वार्षिक अहवालाचा फॉर्म. एकूण साइटेशन किती, एच-इंडेक्स किती? हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवला: निदान २० वेळा उद्धृत झालेले २० पेपर असतील, तर एच २०. मोजायला सोपा, म्हणूनच समित्यांना आवडतो. पण वय वाढतं तसा तो वाढतच जातो, कमी कधीच होत नाही; आणि छोट्या विषयात काम करणाऱ्याचा आकडा छोटाच राहतो. प्रथिनं मोजण्याची पद्धत सांगणारा लॉरी यांचा १९५१ चा पेपर ३ लाखांहून अधिक वेळा उद्धृत झालाय. उलट वेंकटरामन यांची अभिक्रिया जगभरच्या लॅबमध्ये चालते, पण नाव इतकं रुळलंय की मूळ टिपणाचा संदर्भ बरेच जण देतच नाहीत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे ओळखलं होतं: शोध सर्वांचा झाला की उल्लेख गळतो. माझ्या मते रसायनशास्त्रज्ञाची खरी कसोटी एकच: त्याची कृती अनोळखी हातांनी केली, तरी तेवढंच यील्ड आलं पाहिजे. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

२.३० : सीनियर मुलाने कालचा सुकलेला डायकीटोन घेतला. ॲसेटिक ॲसिड, थोडं सल्फ्युरिक, वाफेवर तासभर, मग सगळं बर्फावर ओतलं. गाळून, पुन्हा स्फटिक केल्यावर फ्लेव्होनच्या पांढऱ्या सुया. वितळणबिंदू ९६ अंशांच्या आसपास. नव्वद वर्षांपूर्वीची रीत, आजही चोख.

५.०० : विद्यार्थिनीने प्रयोगाची नोंद लिहून आणली. संदर्भात फक्त अलीकडचा एक रिव्ह्यू. सगळे तोच देतात, म्हणून रिव्ह्यूंचे आकडे फुगतात. तिला १९३३ चे दोन्ही मूळ लेख शोधून वाचायला बसवलं.

६.१५ : सॉल्व्हंटच्या बाटल्या बंद, हूडची काच खाली, घरी.

संशोधन करणाऱ्या मुलामुलींनो, पुढच्या पेपरात ही अभिक्रिया वापराल, तेव्हा मूळ टिपण उघडून वाचा आणि महाल–वेंकटरामन, १९३३ हा संदर्भ द्या.