पिवळा दिवा आणि टायरमधली हवा

गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळं चिन्ह असतं. घोड्याच्या नालासारखा आकार, खाली दातेरी रेघ आणि मधोमध उद्गारचिन्ह. ते लागलं की गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये येते आणि मालकांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, ‘सेन्सर बिघडलाय, तेवढा दिवा घालवून द्या.’ मी आधी गेज लावतो. बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो आणि एखाद्या चाकात हवा चोवीस-पंचवीसच निघते.

हा दिवा आला कसा, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांचा वरचा थर धावताधावता सुटू लागला, गाड्या उलटल्या, दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यावरून २००० साली तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात ती २०१४ पासून. आपल्याकडे २०२० साली नियम बदलला: ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचं किट असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे काही गाड्यांत या दिव्यावरच भिस्त आहे.

दिवा लागला की आधी तो कसा लागतो ते पाहा. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बहुधा दोष यंत्रणेतच आहे. सेन्सरच्या आतली बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते, ती संपलेली असू शकते. पण न लुकलुकता सरळ पेटून राहिला, तर हवाच कमी आहे असं धरून चाला. ठरलेल्या दाबापेक्षा साधारण २० ते २५ टक्के हवा उतरल्यावरच तो लागतो. डोळ्यांना ते कळत नाही, कारण आताचे टायर हवा असतानाही खाली थोडे फुगलेलेच दिसतात.

हवा किती हवी, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. आणि मोजायचं ते टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. चालून तापलेल्या टायरात दाब तीन-चारने वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली, की टायर निवल्यावर दाब कमी पडतो.

थंडीतली एक तक्रार नेहमीची. सकाळी दिवा लागतो, दुपारी आपोआप जातो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयने कमी होतो. ३० अंशांत ३३ पीएसआय असलेला टायर नाशिकच्या १० अंशांतल्या पहाटे ३० दाखवेल, आणि तेवढ्याने दिवा लागणार नाही. पण तोच टायर आधी २८ वर आला असेल, तर पहाटे २५ होतो आणि दिवा लागतो. थंडी फक्त निमित्त.

उन्हाळ्यात याच्या उलट. ‘ऊन फार आहे, समृद्धीचा सिमेंटचा रस्ता आहे, हवा जरा कमीच ठेवा’ हा सल्ला मी पेट्रोल पंपावर कितीदा तरी ऐकला आहे. तो घातक आहे. तापायला ऊन आणि रस्ता हातभार लावतातच, पण हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते आणि आतल्या आत तापते. तासाला १२० किलोमीटरच्या वेगात हे सेकंदाला सोळा-सतरा वेळा घडतं. गाडीत पाच माणसं आणि वर सामान असेल तर आणखी. रबर आणि आतले दोरे यांची पकड सुटते ती इथे. इगतपुरीला लागलेला दिवा शिर्डीला पोचल्यावर बघू, असं म्हणू नका. वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा, चाकं पाहा.

हवा भरल्यावर पुढे काय, हे गाडीच्या जातीवर आहे. काही गाड्यांत प्रत्येक चाकात वॉल्व्हच्या मागे सेन्सर असतो. तो रेडिओ लहरींनी आकडा कळवतो, थोडं चालवलं की दिवा जातो. पंक्चरवाल्याला मात्र सेन्सरबद्दल आधी सांगा, टायर उतरवताना पहार लागली तर तो फुटतो. काही गाड्यांत चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं म्हणून जास्त फेरे घेतं, आणि एबीएसचे सेन्सर तो फरक ओळखतात. इथे हवा भरून रीसेट करावं लागतं. हवा न भरता नुसतं रीसेट केलं, तर गाडी तो कमी दाबच बरोबर धरून बसते आणि दिवा मुकाट होतो. हा उद्योग गॅरेजवालेही करतात, म्हणून रीसेटच्या आधी गेजचा आकडा स्वतः बघून घ्या.

तेच चाक आठवड्याभरात पुन्हा उतरलं तर हळू गळती आहे. साबणाचं पाणी वॉल्व्हच्या तोंडावर, रिमच्या कडेला आणि सगळ्या नक्षीवर लावा, बुडबुडे जागा दाखवतात. वॉल्व्हची पिन बदलणं मिनिटाचं काम. खड्ड्याने रिम वाकली असेल तर ती सरळ करावी किंवा बदलावी लागते. बाजूच्या भिंतीला छेद असेल तर पंक्चर काढू नका, टायर बदला.

स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो. तिची हवा गेजनेच पाहायची. बारक्या आकाराची असेल तर तिच्यावर बहुधा ६० पीएसआय लिहिलेलं असतं, आणि वेगाची मर्यादा ८०.