ओहोटीला शिवडी, भरतीला नेरूळ
खाडीकाठच्या चार सोप्या फेऱ्या, एका लोकलच्या तिकिटात आणि एका पाढ्याच्या जोरावर

पनवेल लोकलमध्ये मानखुर्द सुटलं, की एकदा मोबाइलमधून डोकं वर काढून बघा. पुढची काही मिनिटं गाडी पाण्यावरून चाललेली असते. खाली ठाण्याची खाडी, दोन्ही बाजूंना खारफुटीची हिरवी पट्टी, आणि हंगाम असेल तर दूर चिखलावर गुलाबी रेघ. रोज हजारो विद्यार्थी या पुलावरून कॉलेजला जातात, पण त्यातले किती जण या खाडीच्या काठावर कधी उतरलेत? तुम्ही उतरला नसाल, तर हे पान तुमच्यासाठी आहे.

ट्रेकिंगचे शूज लागत नाहीत, पहाटे तीनची बस पकडावी लागत नाही, घरी फार समजावावंही लागत नाही. सपाट वाट, तास-दोन तासांचा वेळ आणि पाण्याची बाटली, एवढंच भांडवल. पण एक गोष्ट मात्र आधी शिकून घ्यावी लागते. ती म्हणजे खाडीचं टाइमटेबल.

आधी पाढा

खाडीत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं. त्यामुळे सकाळी सातला दिसलेली जागा दुपारी एकला ओळखूही येत नाही. आज भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब त्याहून सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. द्वितीया असेल तर दोनाचे पाऊण म्हणजे दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती, दुपारी आणि रात्रीही. एकादशीला सव्वाआठ. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होतो, पण रविवारचा बेत ठरवायला पुरतो. घरातलं कालनिर्णय असं कामाला येईल, असं वाटलं नव्हतं ना?

फेरी पहिली : शिवडी

हार्बर लाइनवर शिवडीला उतरून पूर्वेला या. शिवडीचा छोटासा किल्ला टेकाडावर आहे, चढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. वरून खाडीचा चिखलपट्टा, बंदराच्या गोद्या आणि न्हावाशेवाकडे जाणारा अटल सेतू एका नजरेत येतात. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल इथूनच निघतो.

ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो जेवायला उतरतात. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, अग्निपंख हेही त्यांचंच नाव. कच्छकडून ते हिवाळ्यात इकडे यायला लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लहान रोहित आणि मोठा रोहित अशा दोन्ही जाती इथे दिसतात. चोच उलटी करून चिखलपाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव ते गाळून खातात. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो, पिल्लं तर राखाडीच असतात.

एक टिप : अगदी पूर्ण ओहोटीला जाऊ नका. तेव्हा पाणी लांब गेलेलं असतं आणि पक्षी ठिपक्याएवढे दिसतात. पाणी परत चढायला लागलं, की ते हळूहळू काठाकडे सरकतात. द्वितीया-तृतीयेला सात-आठच्या सुमारास ओहोटी संपते. तेव्हा नऊपर्यंत पोहोचा.

फेरी दुसरी : नेरूळ-सीवूड्स

आता खरा प्रश्न. भरती आली, चिखल बुडाला, मग हे हजारो पक्षी जातात कुठे?

उत्तर त्याच हार्बर लाइनवर आहे. खाडीपलीकडे नेरूळ आणि सीवूड्सच्या मागे पाणथळ जागा आहेत. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची, एनआरआय संकुलामागची आणि डीपीएस तलाव. इथे पाणी उथळ राहतं. भरतीच्या वेळी फ्लेमिंगो इथे येऊन उभे राहतात, एका पायावर झोपतात, पिसं साफ करतात आणि पाणी उतरलं की पुन्हा खाडीवर जातात. खाडी ही त्यांची मेस असेल, तर नेरूळ हे हॉस्टेल.

म्हणून इथे यायचं ते भरतीला. एकादशी ते त्रयोदशी या दिवसांत सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान भरती असते. नेरूळ किंवा सीवूड्स स्टेशनवरून रिक्षा करा. पक्ष्यांची फार गर्दी नसेल तर जवळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ला चालत फेरी मारा. तिथलं पाणी नुसतं शोभेचं नाही. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून शहर वसवताना सिडकोने जागोजागी धारण तलाव ठेवले. भरती असताना जोराचा पाऊस आला, तर पाणी या तलावांत थांबतं आणि ओहोटी लागली की दरवाजांतून खाडीत जातं. ही पद्धत डच लोकांकडून घेतलेली. तुम्ही ज्या तळ्याकाठी सेल्फी काढता, ते पावसाळ्यात तुमच्या मित्राचं ग्राउंड फ्लोअरचं घर कोरडं ठेवत असतं.

फेरी तिसरी : ऐरोली

खारफुटी आतून बघायची असेल तर ऐरोली. ऐरोली पुलाजवळ वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. खारफुटीतून जाणारी लाकडी पायवाट, माहिती दालन आणि हंगामात बोटीची फेरी. बोट भरतीवर अवलंबून असते, त्यामुळे बुकिंग आणि सुट्टीचा वार बघूनच निघा.

पायवाटेवर घाई करू नका. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या काड्या म्हणजे तिवराची श्वसनमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळंच वर काढतं. तिवराचं पान बारकाईने बघा, वर मिठाचे कण दिसतील. शोषलेलं जास्तीचं मीठ ते पानातून बाहेर टाकतं. खाली एक नांगी मोठी असलेले खेकडे आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतील. निवटी हा मासाच, पण पाण्याबाहेर मजेत राहतो. कोळी घरातल्या मैत्रिणीला विचारा, तिच्या आजीकडे निवटीच्या कालवणाची गोष्ट असेल.

ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचं हे राज्यातलं तिसरं रामसर स्थळ.

फेरी चौथी : मिठीकाठ

खाडी झाली, आता नदी. सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावीच्या कडेला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळी इथे शहराचा कचरा पडायचा. त्यावर माती घालून झाडं लावली आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. ३७ एकरांच्या या जंगलाला लागून मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाते.

मिठी बघून नाक दाबाल, ते साहजिक आहे. पण हीच नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि जेमतेम १८ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तिला पसरायला जागाच उरली नव्हती. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा खूप लहान होतो किंवा जन्मायचे होतो. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्या रात्री ते कुठे अडकले होते. मग नदीकाठी उभं राहून बघा, पात्र केवढं आणि दोन्ही बाजूंची बांधकामं केवढी.

हॉस्टेल बंद झालं तर?

या चार जागा वेगवेगळ्या दिसतात, पण सगळीकडे हिशोब एकच आहे : पाण्याला ये-जा करायला जागा हवी. नेरूळच्या पाणथळ जागांवर गोल्फ कोर्स आणि इमारती उभारण्याचा प्रस्ताव होता, तो वाद कोर्टात गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावाच्या परिसरात फ्लेमिंगो मेलेले सापडले. खाडीचं पाणी आत येण्याची वाट अडल्याने तलाव सुकला, असं पर्यावरण कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ फ्लेमिंगो मेले. चिखलपट्टा अभयारण्य म्हणून सांभाळला आणि भरतीची विश्रांतीची जागा गेली, तर पक्ष्याला अर्धाच दिवस मिळतो. उरलेला अर्धा दिवस त्याने कुठे काढायचा?

चांगली बातमीही आहे. नागरिक मागे लागले, पत्रं लिहिली, मानवी साखळ्या केल्या आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. या लोकांनी आधी केलं काय? ते तिथे नियमित जात राहिले. पाणी कधी येतं, कधी थांबलं, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते बोलू शकले.

तुमच्या फोनमध्ये तारीख आणि वेळेसकट फोटो निघतो. महिन्यातून एकदा, एकाच जागेवरून, एकाच दिशेने एक फोटो काढत राहा. वर्षभरात बारा फोटो होतील. एखाद्या दिवशी कुणी म्हणालं, की इथे पाणी नव्हतंच, तर तुमच्याकडे उत्तर असेल.

निघण्याआधी

• हंगाम : फ्लेमिंगोंसाठी साधारण डिसेंबर ते मे. बगळे, खंड्या, शेकाट्या हंगामानंतरही भेटतात.
• चिखलात उतरू नका. वरून टणक दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि भरती थांबत नाही.
• ड्रोन, दगड, टाळ्या नकोत. थवा उडालेला रीलमध्ये छान दिसतो, पण पक्ष्याचं जेवण आणि झोप दोन्ही मोडतात.
• टोपी, पाणी, फिक्या रंगाचे कपडे. दुर्बीण एक असली तरी चौघांत पुरते.
• संध्याकाळी अंधार पडण्याआधी निघा आणि शक्यतो ग्रुपने जा.

आणि हो, भिंतीवरचं कालनिर्णय काढा. येत्या रविवारी तिथी कोणती? पाऊणपट करा आणि ठरवा, उतरायचं शिवडीला की नेरूळला.