आधी हातात खराटा

संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हातात खराटा आणि मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. फाटले म्हणून वस्त्र टाकायचे नाही आणि गरजेपेक्षा अधिक बाळगायचे नाही, ही त्यांची राहणी होती.

गावात पाऊल टाकताच बाबा रस्ते झाडू लागत. केर कोणी टाकला, याची चौकशी करीत ते बसत नसत. ते पाहून गावकरीही पुढे येत. रात्री कीर्तन होई. त्यात बाबा वाईट चालींवर कठोर प्रहार करीत; परंतु श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत.

दोष दिला की मनुष्य आपली बाजू सावरू लागतो आणि केर जागीच राहतो. आज रस्त्यात प्लास्टिकच्या पिशव्या दिसतात. त्या कुजून मातीस मिळत नाहीत. म्हणून कापडी पिशवी वापरणे चांगलेच. पण ती न वापरणाऱ्यास हलके लेखू नये. त्याची अडचण आपणांस ठाऊक नसते. त्याच्यासाठी एक जादा पिशवी जवळ ठेवावी, हे अधिक बरे.