मर्यादित पणाच्या पत्त्यांच्या डावातील निवडक हूल : एक गणिती विवेचन

प्रास्ताविक :
जुन्नर तालुक्यातील घाटघर हे नाणेघाटाच्या माथ्यालगतचे गाव. या घाटातील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख असून त्यात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे कोरलेले आहेत. प्राचीन भारतीय संख्याचिन्हांच्या अभ्यासात तो महत्त्वाचा मानला जातो. व्यवहार दानाचा असो वा पणाचा, तो आकड्यांनीच तोलावा लागतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. पणाचा खेळ आपल्या परंपरेस अपरिचित नाही. तीनपत्ती व पोकर या खेळांत हूल देणे, म्हणजे हलक्या पानांवर भारी पाने असल्यासारखा पण लावणे, हे धाडसाचे लक्षण समजले जाते. वास्तविक तो हिशेबाचा प्रश्न आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हुलीचे प्रयोजन :
५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच संभवतात. त्यांपैकी १६,४४० संचांत, म्हणजे सुमारे ७४ टक्के वेळा, जोडी, रंग वा क्रम यांपैकी काहीही नसते. केवळ भारी पानांवरच पण वाढविणारा खेळाडू लवकर ओळखला जातो व त्याच्या चांगल्या डावात इतर जण पाने टाकून देतात. फॉन नॉयमन व मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात हुलीचे दोन हेतू सांगितले आहेत : दुर्बल असता सबल भासणे आणि सबल असता दुर्बल असल्याचा संशय निर्माण करणे.

मर्यादित पणाचे गणित :
लिमिट पोकरमध्ये प्रत्येक फेरीतील पणाची रक्कम ठरलेली असते. मध्यभागी ६० रुपये जमले असून अखेरचा पण १० रुपयांचा आहे, असे मानू. हूल देणारा ६० रुपयांसाठी १० रुपये धोक्यात घालतो. त्यामुळे सातांतून एकापेक्षा अधिक वेळा (सुमारे १४.३ टक्के) सर्व प्रतिस्पर्ध्यांनी पाने टाकली, तरच हूल लाभदायक ठरते. प्रत्येक प्रतिस्पर्धी स्वतंत्रपणे ४० टक्के वेळा पाने टाकतो असे धरल्यास,

१) प्रतिस्पर्धी एक : सर्वांनी पाने टाकण्याची शक्यता ४० टक्के; सरासरी लाभ १८ रुपये.
२) प्रतिस्पर्धी दोन : शक्यता १६ टक्के, लाभ १.२० रुपये.
३) प्रतिस्पर्धी तीन : शक्यता ६.४ टक्के, तोटा ५.५२ रुपये.

लहान पणाच्या डावात प्रतिस्पर्धी सहसा पाने टाकत नाहीत आणि ते तर्कसंगतही आहे. ७० रुपयांसाठी १० रुपये भरणाऱ्यास आठांतून एकदा जिंकणे पुरेसे असते. तो केवळ १० टक्के वेळा पाने टाकत असेल, तर एकट्या प्रतिस्पर्ध्यापुढेही हूल सरासरी ३ रुपयांचा तोटा देते.

तीनपत्तीत पाने न पाहता खेळणाऱ्यास पाहून खेळणाऱ्याच्या निम्मीच रक्कम भरावी लागते. अशा खेळाडूला हूल देणे दुहेरी महाग पडते : देणाऱ्यास दुप्पट रक्कम भरावी लागते आणि समोरच्यास आपली पाने हलकी आहेत हेच ठाऊक नसते.

निष्कर्ष :
हूल क्वचित, शक्यतो एकाच प्रतिस्पर्ध्यापुढे आणि पाने टाकण्याची सवय असलेल्या खेळाडूसमोरच द्यावी. हरलेली रक्कम भरून काढण्यासाठी इरेस पेटून दिलेली हूल या कसोटीस उतरत नाही. लहान पणाच्या डावातही वारंवार झालेला लहान तोटा साठत जातो. पैसे लावून खेळण्यावर महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाची बंधने आहेत, तर ऑनलाइन पैशांच्या खेळांना प्रतिबंध करणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला. मात्र संभाव्यतेचा पाठ म्हणून हा डाव वर्गात पैशांऐवजी चिंचोके लावूनही शिकविता येतो.