आठवणींचे भांडवल : पहिले घरगुती संगणक

जुन्या वस्तूंविषयीची ओढ माणसाला नवी नाही. ग्रामोफोन, जुनी नाणी, टपाल तिकिटे यांच्या पंक्तीत आता आणखी एका वस्तूला मानाचे स्थान मिळाले आहे. ती वस्तू म्हणजे पहिल्या पिढीतील घरगुती संगणक व त्यावरील खेळ. ब्रिटनमधील आज पन्नाशीच्या आसपास असलेली पिढी या संगणकांविषयी विशेष जिव्हाळ्याने बोलते. या जिव्हाळ्यामागे बालपणीच्या रम्य आठवणींखेरीज आणखीही एक कारण आहे.

डिसेंबर १९८१ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक बाजारात आला. जनतेला संगणक साक्षर करण्याच्या बीबीसीच्या मोहिमेचा तो एक भाग होता. पाठोपाठ २३ एप्रिल १९८२ रोजी क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ सादर केला. त्याच्या ४८ किलोबाइट स्मृतीच्या संचाची किंमत १७५ पौंड होती. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही याहून कितीतरी पट अधिक जागा लागते!

पडदा म्हणून घरातील दूरचित्रवाणी संच आणि साठवणुकीसाठी साधा टेपरेकॉर्डर, असा हा काटकसरीचा संसार होता. आज्ञावली कॅसेटवर ध्वनीच्या रूपात साठवलेली असे. कर्कश आवाज करीत ती संगणकात उतरण्यास चार-पाच मिनिटे लागत. आवाजाची पातळी थोडी जरी चुकली तरी फीत मागे गुंडाळून सारे पुन्हा करावे लागे. संगणक सुरू होताच तो ‘बेसिक’ भाषेतील आज्ञेची वाट पाहत असे. खेळ खेळायचा झाला तरी आधी एक आज्ञा द्यावी लागे. नियतकालिकांतून संपूर्ण आज्ञावल्या छापून येत. मुले त्या ओळीने टंकित करीत, एखादे अक्षर चुकले की चूक शोधीत बसत आणि त्या शोधातूनच नकळत शिकत.

अपुऱ्या साधनांतून किती मोठे काम उभे राहू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘एलीट’ हा खेळ. डेव्हिड ब्रेबन व इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रोसाठी रचलेला हा खेळ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूने १०० क्रेडिट इतक्या भांडवलावर अंतराळयानातून व्यापार सुरू करायचा, एका ग्रहावर स्वस्त मिळणारा माल दुसऱ्या ग्रहावर चढ्या भावाने विकायचा, अशी त्याची कल्पना. त्यात ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८ ग्रह होते. एवढी माहिती साठविण्यास संगणकात जागाच नव्हती. म्हणून कर्त्यांनी ग्रहांची यादी न साठविता एक सूत्र साठविले. मूळ अंकांवर ते चालविले की ग्रहाचे नाव, स्थान व अर्थव्यवस्था दर वेळी तीच येत असे. सूत्र ठाऊक असले की व्याजाचा तक्ता जवळ बाळगावा लागत नाही, तसाच हा प्रकार.

भारतालाही या संगणकांचा परिचय झाला. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून अनेक शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्तीही आणली.

पुढे तयार खेळांची यंत्रे व तयार आज्ञावल्यांचे संगणक घरोघरी आले. वापर सोपा झाला. परंतु यंत्राच्या अंतरंगात डोकावण्याची गरज उरली नाही. याचा परिणाम एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केंब्रिज विद्यापीठात दिसून आला. संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्या अर्जांची संख्या घटत होती आणि स्वतः आज्ञावली लिहिण्याचा अनुभव असलेले विद्यार्थीही कमी होत होते. हे ध्यानात आल्यावर एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी पुन्हा एक स्वस्त, प्रयोगास मोकळा संगणक घडविण्याचे ठरविले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘रास्पबेरी पाय’ विक्रीस आला. किंमत अवघी ३५ डॉलर! संस्थापकांत ‘एलीट’चे ब्रेबनही होते. ‘मॉडेल बी’ हे त्याचे नाव बीबीसी मायक्रोच्या स्मरणार्थ ठेवले गेले. त्याचा एआरएम प्रोसेसरही मूळ एकॉर्नच्याच घराण्यातला. त्याच घराण्यातील प्रोसेसर आज बहुतेक मोबाइल फोनमध्ये आहेत. जून २०२४ मध्ये रास्पबेरी पाय कंपनीच्या समभागांची लंडन शेअर बाजारात नोंदणी झाली.

आठवणी कपाटात जपून ठेवल्या तर त्या केवळ ठेव राहतात. कामाला लावल्या तर त्यांचे भांडवल होते. पालकांच्या पिढीला जे कुतूहल ४८ किलोबाइटमध्ये लाभले, ते आजच्या मुलांना लाभण्यास साधनांची वाण नाही. खेळ खेळणाऱ्या मुलाला ‘हा खेळ चालतो तरी कसा?’ असा प्रश्न पडावा आणि त्याचे उत्तर शोधण्यास घरातून उत्तेजन मिळावे, एवढीच काय ती गरज आहे.